जनावरांचे हार्मोन: गोठ्यातून आलेले प्रश्न

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. रात्री जेवणे आटोपली की हार्मोनवरचे शोधनिबंध वाचत बसायची सवय मला बऱ्याच वर्षांची आहे. संशोधन माझे नाही, वाचन माझे. सकाळी दूध सोसायटीवर कॅन घेऊन येणारे, डिचोली-पेडण्याहून फोन करणारे, पणजीतले कुत्रे पाळणारे, असे सगळे मिळून जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एका जागी लिहिते आहे. औषधाचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते जनावर बघून ठरतात.

डॉक्टरबाय, हार्मोन म्हणजे सुईतले औषध ना?

सुईत असते ती त्याची नक्कल. खरे हार्मोन जनावराच्या अंगातच तयार होते आणि रक्तातून दुसऱ्या अवयवाकडे निरोप घेऊन जाते. हे पहिल्यांदा उघडकीला आले ते कोंबड्यांमुळे. १८४९ साली जर्मनीतल्या गॉटिंगेनमध्ये अर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली. काहींच्या पोटात वृषण पुन्हा दुसऱ्याच जागी बसवले, काहींना तसेच सोडले. ज्यांना पुन्हा मिळाले त्यांचे तुरे वाढले, ते आरवू लागले, भांडू लागले. बाकीचे गप्प राहिले. जुन्या नसा तर तुटलेल्या होत्या, म्हणजे निरोप रक्तातूनच गेला असणार. ‘हार्मोन’ हा शब्द मात्र १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला.

हा निरोप किती बारीक असतो, ते बघा. माजावरच्या गाईच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारे हार्मोन) दर मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमहून कमी असते. दहा हजार लिटरचे शंभर पाण्याचे टँकर आणा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम पदार्थ विरघळवा, म्हणजे एक नॅनोग्रॅमचा हिशेब होतो. एवढेसे मोजायची किरणोत्सर्गी पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली, त्यासाठी यालोंना १९७७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी त्याच पारितोषिकात शाली आणि गियमँ हे दोघेही होते. एकाने डुकरांच्या आणि दुसऱ्याने मेंढ्यांच्या मेंदूतले तुकडे कत्तलखान्यांतून लाखोंनी गोळा करून त्यातून चिमूटभर हार्मोन काढले होते. आज कृत्रिम रेतनाच्या वेळी तुमच्या गाईला जे जीएनआरएच (बीज सुटण्याचा निरोप धाडणारे मेंदूतले हार्मोन) टोचतात, ती त्याचीच नक्कल.

गाय तीन वेळा उलटली, रेतन करूनही गाभण राहिली नाही. कोणते इंजेक्शन द्यायचे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माझे उत्तर ऐकून माणसे थोडी नाराज होतात, कारण मी आधी सुईकडे वळत नाही, वेळ विचारते. माज कधी दिसला? कोणी बघितला? रेतन किती वाजता झाले?

गाईचे चक्र साधारण २१ दिवसांचे, १८ ते २४ मध्ये कुठेही. माज टिकतो तो बारा-अठरा तास, गावठी गाईंत त्याहूनही कमी. बीज सुटते ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा नियम १९४० च्या दशकातल्या अमेरिकी निरीक्षणांतून आला आणि अजून चालतो.

आता आपल्याकडची अडचण. पुस्तकात लिहिलेले असते की माजावरची गाय दुसरीला आपल्यावर चढू देते आणि शांत उभी राहते. आपल्या गोठ्यात गाई दोन, दोन्ही दाव्याला बांधलेल्या, मध्ये भिंत. चढणार कोण? त्यात बराचसा माज रात्री नि पहाटे असतो, आणि घरचा माणूस सकाळी सातला कंपनीच्या बसने जातो. एका घरच्या आजी मला म्हणाल्या, “बाय, मी काय ते उडणे-बिडणे बघत नाही. रात्री दावे ताणते का आणि सकाळी शेपटीच्या मुळाशी सोट सुकून चिकटलेला आहे का, तेवढे बघते.” त्यांच्या गाई क्वचितच उलटतात. सोट, म्हणजे माजात मायांगातून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढरे-पिवळे धागे दिसले तर गर्भाशयात घाण आहे, तिथे रेतन करून उपयोग नाही, आधी उपचार.

दुसरी गोष्ट खाणे. व्याल्यावर दूध वाढत जाते, पण भूक त्या वेगाने वाढत नाही. गाय अंगची चरबी जाळून दूध देते. तेव्हा रक्तात इन्सुलिन आणि आयजीएफ-१ (वाढीचा निरोप देणारे हार्मोन) उतरते, मेंदू अंडाशयाला ‘आता नको’ असे कळवतो आणि बीजाची वाढ अर्ध्यावर थांबते. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर नि करडावर (सुक्या गवतावर) उभी असलेली दुभती गाय माजावर आली नाही, तर तो रोग नव्हे, तिच्या शरीराचा शहाणपणा आहे. बरगड्या मोजता येत असतील तर सुईचे पैसे पेंडीत आणि खनिज मिश्रणात घाला.

तीन सुयांचे एक वेळापत्रक असते म्हणे, माज न बघताच रेतन करता येते?

असते. ओव्हसिंक त्याचे नाव. १९९५ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पर्सली, मी आणि विल्टबँक यांनी ते मांडले. (त्यातला ‘मी’ म्हणजे एका संशोधकाचे आडनाव, माझा काही संबंध नाही.) पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (ते काय करते ते पुढच्या प्रश्नात), त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग सोळा ते वीस तासांत रेतन.

याने गाभण राहण्याचे प्रमाण जादूने वाढत नाही. फायदा एवढाच की माज हुकण्याची भानगड उरत नाही. ज्यांच्याकडे तीस-चाळीस गाई आहेत आणि बघायला माणूस नाही, त्यांना ते परवडते. चक्रच सुरू न झालेल्या हाडकुळ्या गाईवर एकटे ओव्हसिंक फारसे चालत नाही. तिथे मायांगात सात दिवस प्रोजेस्टेरॉनचे साधन ठेवतात, आणि तरीही आधी खुराक सुधारावा लागतोच.

नुसते प्रोस्टाग्लँडिन घरी आणून टोचले तर?

नको. हे औषध अंडाशयावरची पिवळी गाठ विरघळवते. ती गाठ प्रोजेस्टेरॉन सोडत असते, ती गेली की गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. माज झाल्यावर पहिले पाच दिवस गाठ कच्ची असते, तेव्हा औषध फुकट जाते. आणि गाय गाभण असेल तर हीच गाठ गर्भ धरून ठेवते.

ही चूक मी स्वतः केली आहे. पावसाळ्याचे दिवस, एका गोठ्यात पाच जनावरे तपासायची होती, वीज गेलेली. मालक म्हणाले, या गाईचे रेतन झालेलेच नाही. मी घाईत हात घातला, नीट चाचपले नाही, आणि सुई दिली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गव्हाणीमागे मांजराच्या पिल्लाएवढा गर्भ पडला होता. गावातला मोकळा वळू कुंपण ओलांडून येऊन गेला होता, हे कुणाला ठाऊक नव्हते. पण तपासणे माझे काम होते. तेव्हापासून मी मालकाच्या शब्दावर ही सुई देत नाही.

अजून एक, आणि हे घरातल्या बायकांनी नीट वाचावे: प्रोस्टाग्लँडिन कातडीतून अंगात जाते. गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने त्या बाटलीला हात लावू नये. अंगावर सांडले तर लगेच साबणाने धुवा.

दूध तपासून गाय गाभण आहे का ते कळते का?

अर्धे कळते. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांनी दुधातले प्रोजेस्टेरॉन कमी आले, तर गाय गाभण नाही हे जवळजवळ नक्की. जास्त आले तर ‘बहुधा आहे’ एवढेच. चक्र पुढेमागे असेल किंवा गर्भ नंतर जिरला तर फसगत होते. दूध रक्ताचा आरसा होऊ शकते, हे १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये दाखवले गेले. आपल्या सोसायटीवर फॅट मोजायचे यंत्र आहे, हे नाही. असते तर माझ्या निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या.

म्हैस माज दाखवतच नाही.

दाखवते, पण कुजबुजत. हंबरणे कमी, चढणे क्वचित, सोट थोडा. पुन्हापुन्हा थोडीथोडी लघवी करणे, एका वेळचे दूध अचानक कमी होणे, मायांगाला किंचित सूज, एवढेच बघायचे. पहाटे आणि रात्री उशिरा बघा.

उत्तरेकडच्या संशोधनात म्हशीच्या ऋतूवर भरपूर लिहिलेले सापडते: दिवस लहान झाले की अंधारात मेलाटोनिन हे हार्मोन वाढते आणि अंडाशय जागे होते. गोव्यात सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नाही. त्यामुळे आपल्याकडे प्रकाशापेक्षा मे महिन्याचा उकाडा आणि चाऱ्याची टंचाई यांचा हात मोठा, असे माझे मत. डुंबायला पाणी मिळणारी म्हैस आणि पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली म्हैस यांतला फरक मी दरवर्षी पाहते.

उन्हाळ्यात रेतन वाया का जाते?

तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुभत्या संकरित गाईला त्रास सुरू होतो. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के धरली तर तो ८२ च्या आसपास येतो. आपल्याकडे मे महिन्यात हे रोजचेच.

उकाड्यात बीजकोशातून इस्ट्रोजेन कमी सुटते, म्हणून माज फिका आणि आखूड पडतो. थायरॉईड मंदावतो, भूक मरते. गर्भ राहिलाच तर पहिल्या काही दिवसांत तो उष्णतेने मरू शकतो. बीज तयार व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यात पोळलेले बीज जूनच्या पावसातही नादुरुस्त निघते. लोक म्हणतात, आता तर गारवा आला, मग का राहत नाही? कारण हिशेब मागचा चुकता होतो आहे. पंखा, अंगावर पाणी, पत्र्यावर झावळ्या, आणि चारा पहाटे नि रात्री. पाणी मारायचे तर पंखाही हवा. कोंदट शेडमध्ये नुसते पाणी मारले तर उलट वाफारा होतो.

चवथीला दूध वाढवायचे आहे. पान्ह्याचे इंजेक्शन दिले तर काय बिघडते?

पान्ह्याचे इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन हे हार्मोन. त्याने दूध वाढत नाही. कासेत तयार असलेले दूध खाली उतरते, इतकेच. सड धुतले, चोळले, वासरू जवळ आणले की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि मिनिट-दीड मिनिटात पान्हा फुटतो. रक्तात ते काही मिनिटेच टिकते, म्हणून धार काढणे पाच-सात मिनिटांत संपवायचे. गाय घाबरली, कुत्रा भुंकला, नवा माणूस बसला, कुणी काठी उगारली, तर ॲड्रेनॅलीन सुटते आणि पान्हा आत राहतो. आपण म्हणतो गाय पान्हा चोरते. ती चोरत नाही, घाबरलेली असते.

रोज सुई घेणाऱ्या गाईचे शरीर पुढे आपले आपण पान्हा सोडायला कुचराई करते, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे सुई एकदा लागली की सुटत नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, दुधासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे काहीही टोचणे हा गुन्हा आहे. त्याला दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जनावर सरकारजमा होते. वार अडकली, प्रसूती अडली तर डॉक्टर हेच औषध देतात, ती गोष्ट निराळी.

वासरू मेलेल्या गाईसाठी काय करावे? तोच माणूस, तीच वेळ, तीच बादली, समोर थोडा कोंडा. सात-आठ दिवस धीर धरा. बहुतेक गाई येतात.

त्या दुधाने पोरी लवकर वयात येतात का?

ऑक्सिटोसिन नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे, पोटात गेली की इतर प्रथिनांसारखी पचते. दुधात नैसर्गिकच थोडे प्रोजेस्टेरॉन-इस्ट्रोजेन असते, पूर्वीही होते. वयात लवकर येण्याचा संबंध मुलींच्या अंगावर वाढलेल्या चरबीशी जास्त स्पष्ट दिसतो. सुईविरुद्ध बोलायचे तर गाईच्या बाजूने बोला, तेवढे कारण पुरेसे आहे.

आणि ब्रॉयलर कोंबडी? तिला तर टोचतातच.

हजारो कोंबड्यांना एकेक करून वाढीचे हार्मोन टोचायचे म्हटले तर मजुरीच कोंबडीहून महाग पडेल. खाण्यातून दिले तर ते पचून जाते. वाढ होते ती निवड पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ च्या वाणांची पिल्ले एकाच खाद्यावर वाढवली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापले: ५६ व्या दिवशी वजन अनुक्रमे ९०५, १८०८ आणि ४२०२ ग्रॅम. एकच खाद्य, हार्मोन नाही. अँटिबायोटिकची काळजी करा, ती रास्त आहे.

व्याल्यावर गाय उठत नाही, कान थंड पडले आहेत.

हे वाचत बसू नका, फोन करा. बहुधा दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, अंग उलट थंड पडते. चिकातून कॅल्शियम एकदम बाहेर जाते आणि हाडांतले कॅल्शियम सोडवणारे पॅराथायरॉईड हार्मोन वेळेवर काम करत नाही. शिरेतून कॅल्शियम दिले की कधीकधी तासाभरात गाय उभी राहते, बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. पण घाईने दिले तर हृदय बंद पडते, तेव्हा घरी प्रयोग नको. पडलेल्या गाईला तोंडाने बाटली पाजू नका, ते फुप्फुसात जाते. तिला छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंनी पेंढ्याच्या गासड्या लावा.

गंमत म्हणजे पुष्कळ जण विण्याआधी महिनाभर कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. बाहेरून आयते येत राहिले की ती ग्रंथी सुस्तावते, आणि नेमकी गरज लागते तेव्हा जागी होत नाही. बाटली व्याल्यानंतर द्या.

जुळी झाली, एक पाडा, एक पाडी. पाडी ठेवू का?

दुधासाठी ठेवू नका. अशा दहांतल्या नऊहून जास्त पाड्या वांझ निघतात. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि पाड्याची हार्मोने तिच्यात शिरतात, तिचे गर्भाशय अर्धवटच राहते. फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये याचा उलगडा केला. दोन्ही पाड्याच असतील तर प्रश्न नाही.

कुत्र्याचे केस झडतात, पोट सुटले, पाणी फार पितो. थायरॉईड का?

असू शकते. थायरॉईड कमी झालेला कुत्रा जाडावतो, सुस्तावतो, दोन्ही कुशींवर सारखेच केस जातात, शेपूट उंदरासारखी होते. पण पाणी फार पिणे आणि लटकते पोट म्हणजे कुशिंगचा, अंगात कॉर्टिसॉल हे स्टेरॉईड हार्मोन वाढल्याच्या आजाराचा, संशय जास्त. मधुमेहही तपासावा. गोव्यात मला अशा कुत्र्यांत एक वेगळेच कारण वारंवार भेटते. पावसाळ्यात खाज सुटते, दर पंधरा दिवसांनी कुणीतरी स्टेरॉईडची सुई देते, खाज थांबते, सगळे खूश. चार महिन्यांनी कुत्रा कुशिंगसारखा दिसतो, कारण बाहेरचे कॉर्टिसॉल आपणच भरले. अशी सुई एकदम बंद करू नका. स्वतःची ग्रंथी झोपलेली असते, डोस हळूहळू उतरवावा लागतो.

कुत्रीला पिल्ले नकोत, पण ऑपरेशनही नको वाटते.

प्रत्येक माजानंतर, मिलन होवो न होवो, कुत्रीच्या रक्तात दोन महिने प्रोजेस्टेरॉन राहते. दर वेळी गर्भाशयाचे अस्तर जाड होते, आणि एखाद्या वेळी पू भरतो. स्वीडनमध्ये सहसा नसबंदी करत नाहीत. तिथल्या विमा काढलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत जवळपास एक चतुर्थांश माद्यांना दहा वर्षांच्या आत हा आजार झालेला दिसला. माज होऊन महिना-दोन महिने झाले, कुत्री पाणी फार पिते, खात नाही, तर त्याच दिवशी आणा. दुसरी बाजूही सांगते: २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाने गोल्डन रिट्रीव्हरमध्ये वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे त्रास वाढतात असे दाखवले. मोठ्या जातीत वय ठरवून ऑपरेशन करा. गावठी कुत्रीला मात्र थांबू नका, ती वाट बघत नाही.

दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री कुत्रा थरथरतो, कुठली गोळी?

गोळी आधीपासून ठरवून घ्यावी लागते, त्या रात्री अकराला फोन करून नाही. आतली खोली, बंद खिडक्या, पंखा मोठ्याने, जवळ माणूस. आणि गोठ्याशेजारी स्पीकरची भिंत उभी करणाऱ्या पोरांना सांगा, दोन-तीन दिवसांनी पाडव्याला त्याच गाईच्या गळ्यात माळ घालायची आहे.

शोधनिबंध आम्हाला वाचता येतील का?

येतील. भारतातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’वर आहेत. तीन गोष्टी बघा: जनावरे किती होती, कुठल्या जातीची होती, आणि तुलनेला सुई न दिलेला गट होता का. सहा गाईंवरच्या निष्कर्षाने गोठा बदलू नये. होल्स्टीन या परदेशी जातीवरचे आकडे आपल्या श्वेत कपिलेला, म्हणजे गोव्याच्या गावठी गाईला, जसेच्या तसे लावू नयेत. ती जात कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेत नोंदली गेली आहे, पण तिच्या हार्मोनवर अजून पुष्कळ काम व्हायचे आहे. कुणी विद्यार्थी हे वाचत असेल तर विषय मोकळा पडला आहे.

कोंबडी खुडूक झाली, उठतच नाही. पाण्यात बुचकळू का?

प्रोलॅक्टिन या हार्मोनचा खेळ आहे. पोटाला अंड्यांचा स्पर्श होत राहतो, तो स्पर्श प्रोलॅक्टिन वाढवतो, प्रोलॅक्टिन तिला बसवून ठेवते. बुचकळण्यापेक्षा अंडी काढा आणि तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात दोन-तीन दिवस ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. दाणा-पाणी चालू ठेवा. पिल्ले हवी असतील तर मात्र असली खुडूक कोंबडी सोन्यासारखी, तिला हलवू नका.